तळ्यावरची तानी : एका शोधाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५
वही आजपासून सुरू. आडनाव आणि गाव लिहायचं नाही, असं घरच्यांना कबूल केलंय. एवढं पुरे की गाव येरळेच्या काठी आहे, आज तालुका पलूस, आधी तासगाव.

संक्रांतीचे तीळ पाखडायला आत्याआजीकडे बसले होते. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. वय एकोणनव्वद, दात दोन, आवाज मात्र खणखणीत. हाताला सूप लागलं की तिला ओव्या सुटतात. त्यातली एक मी आजवर कधी ऐकली नव्हती :

तळ्याच्या भितीवरी, दगूड वाहती माझी आई
उनाच्या गं तावामंदी, कडंला तानी बाई

"ही कुणाची गं?"
"तळ्यावरचीची. माझ्या आईला तिच्या सासूनं शिकवली, जात्यावर. आईनं मला."

तळ्यावरची म्हणजे आजोबांची आजी, माझी खापरपणजी. आमच्या घरात तिला एवढंच नाव आहे. कुठलं तळं, कुणाची लेक, विचारलं तर आत्याआजी म्हणाली, "आगं, बाईमाणसाचं कोण लिवून ठेवतंय?"

बघूया कोण ठेवतंय ते.

१९ जानेवारी
चुलत्यांनी दहा वर्षांपूर्वी वंशावळ छापून फ्रेम केली आहे. सात पिढ्या, एकोणचाळीस नावं, सगळे पुरुष. फ्रेमच्या वर ज्योतिबाचा फोटो. चुलत्यांना म्हटलं, यात बायका कुठायत? म्हणाले, "जागा नव्हती."

६ फेब्रुवारी
सातबाऱ्यावरून मागे मागे जात फेरफार काढले. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याआधी फेरफाराची आशा नव्हतीच. पण १९१० चा एक मिळाला आणि त्यात ती सापडली! खापरपणजोबा मयत, वारस मुलगा अज्ञान, वय १२, अ. पा. क. आई तानी.

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. नवरा जिवंत असता किंवा मुलगा सज्ञान असता, तर हिचं नाव या कागदावर चढायचं काही कारण नव्हतं. सहा वर्षांनी मुलगा अठराचा झाला, तेव्हाच्या फेरफारात ती पुन्हा गायब.

पण नाव मिळालं. तानी. घरी येताना एसटीत ओवी आठवली आणि अंगावर काटा आला. "कडंला तानी बाई." मी ते कडेवरची तान्ही पोर असं ऐकलं होतं. हे तिचं नाव असेल तर? जात्यावर बायका भावाचं, लेकाचं नाव गुंफतात. हिने स्वतःचं गुंफलंय.

२५ फेब्रुवारी
आज दिवसभर रेकॉर्ड रूम. जन्ममृत्यूची गाव नमुना नंबर १४ ची रजिस्टरं लाल कापडात बांधलेली. दीडेक वर्षापूर्वी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या बस्त्यांना भाव आलाय. माझ्या शेजारच्या बाकावर तिघे जण मोडी वाचणाऱ्याला घेऊन बसले होते. ते फक्त जातीचा रकाना बघत पानं उलटत होते. मी फक्त नावाचा. शेवटी आम्ही ठरवलं की एकमेकांना हाक मारायची. त्यांना माझ्या गावच्या रजिस्टरात एक "कु" दाखवला, त्यांनी मला तीन "तानी" दाखवल्या. दोन परक्या निघाल्या.

तिसरी ऑक्टोबर १९१८ ची. म्हणजे मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. त्या रजिस्टरात एरवी एक पान महिना-दोन महिने पुरतं. त्या ऑक्टोबरला पानांमागून पानं. कारणाच्या रकान्यात पहिल्या दोन ओळींत "ताप" लिहिलाय, पुढे सगळीकडे "किता", म्हणजे वरीलप्रमाणे. लिहिणाऱ्याचं अक्षर आधी ठसठशीत, मग भरधाव, आणि एका पानानंतर अक्षरच बदललंय. पहिला लिहिणारा आजारी पडला की गेला, कागद सांगत नाही.

तानी कोम अमुक. कोम म्हणजे बायको. वय : पहिल्या अंकावर शाईचा डाग, दुसरा २. मी ४२ वाचलं.

१९१८ मधून ४२ वजा केले की १८७६. दुष्काळाचं साल! म्हणजे ओवीतली तान्ही पोर आणि ही तानी एकच. रात्री झोप लागली नाही.

२ मार्च
डोकं शांत ठेवून तळ्याचा विचार.

१८७६-७७ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे माण, खटाव, खानापूरकडचा पट्टा, होरपळला. सरकारने दुष्काळी कामं काढली, त्यातलं मोठं म्हणजे माणगंगेवरचं म्हसवडचं तळं, ज्याला आज राजेवाडीचा तलाव म्हणतात. पण खटाव तालुक्यातला नेरचा तलावही त्याच शतकातला, आणि तो येरळेच्या खोऱ्यात आहे. आमचं गाव त्याच नदीच्या खालच्या अंगाला. उपाशी माणसं नदीच्या कडेकडेने खाली उतरली असतील, तर नेर जास्त पटतं.

मजुरीचं वाचलं. जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या पाहणीवर आले आणि दिवसाचं धान्य मोठ्या माणसाला एक पौंडाच्या हिशेबावर आणलं गेलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि वर दगड वाहायचे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध अर्जांचा धडाका लावला. त्या सभेचे गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, मूळचे साताऱ्याचेच. त्या अर्जांतून मजुरांचे हाल समजतात. मजुरणीचं नाव मात्र एकाही कामाच्या हिशेबात माझ्या हाती लागणार नाही, हे मनाशी धरूनच चालायचं. शिरगणतीचंही तेच. १८७२ आणि १८८१ च्या शिरगणतीतले आकडे छापले गेले, घरोघरचे तक्ते कुणी ठेवले नाहीत.

आणखी एक घोळ. १८७६ साली सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर सगळं सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतंत्र संस्थान, माण इंग्रजी अमलात. पोरगी दहा कोस चालली की दोन राज्यं ओलांडायची. कागद कुठल्या दप्तरात शोधायचा हे आधी तिचं माहेर कळल्याशिवाय ठरत नाही, आणि माहेर कळायला कागद हवा.

१६ मार्च
आईशी फोनवर बोलताना सहज निघालं. आमच्या घरी कार्तिक द्वादशीला, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, बायका एक नैवेद्य वेगळा काढतात. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, गूळ. पान देवघरात नाही ठेवत, परसात उत्तरेकडे तोंड करून ठेवतात. लहानपणी मी ते मांजराने खाल्लेलं बघितलंय. आईला तिच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. पुरुषांपैकी कुणाला पत्ता नाही, वडील म्हणाले, "असतं काहीतरी तुमचं."

आता जुळवून बघते. आमचं कुळदैवत ज्योतिबा, ते नैऋत्येला. आमच्याकडे बारा महिने शाळूची भाकरी, बाजरी फक्त संक्रांतीला आणि या एका दिवशी. बाजरी हे माणदेशाचं खाणं. आणि कार्तिक द्वादशीला लग्न कुणाचं लागतं? म्हसवडच्या सिद्धनाथाचं, जोगेश्वरीशी. आमच्या गावाहून म्हसवड उत्तरेच्याच बाजूला.

नवऱ्याच्या देव्हाऱ्यात तिला आपला देव मांडता आला नसेल. तिने तो परसात नेला, आणि तीन पिढ्या सुनांनी काही न विचारता जपला. नेर बाजूला पडलं. तळं राजेवाडीचंच.

(पुरावा म्हणून हे कुठल्या तहसीलदारापुढे ठेवता येणार नाही, मला ठाऊक आहे.)

५ एप्रिल
हेळवी आला! घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतो तो. गावाकडून फोन आला तशी पहिली बस पकडली. हल्ली बैलावर नाही, मोटारसायकलवर येतात, पण वही तीच, कापडात गुंडाळलेली. दारात उभं राहून त्याने आमचं कूळ, देवक, मूळ गाव, कोण कुठून उठून कुठे वसला, हे एका दमात म्हटलं. चुलते मान डोलावत होते.

मी लेकीसुनांचं विचारलं. तो हसला. "ताई, लेक दुसऱ्याच्या वहीत जाती, आन सून दुसऱ्याच्या वहीतनं येती. दोन्हीकडं बापयाचंच नाव."

तरी मी पानं उलटायला लावली. तो वाचत गेला : अमक्याने धोतरजोडी दिली, तमक्याने पायली जोंधळे दिले. मग एका ओळीवर बोट थांबलं. "मालक न्हाई. बाईनं तांब्याची घागर दिली." साल नाही, पण आगचीमागची नावं बघता १९१० च्या पुढचीच ओळ. नवरा गेल्यावर, पोर लहान असताना, हेळवी दारात आल्यावर हिने घागर काढून दिली. वहीत कूळ चालू राहावं म्हणून. वहीत ती "बाई".

२० एप्रिल
राजेवाडी. विटा, खरसुंडी, आटपाडी, दिघंचीवरून गेलो. मी आणि धाकटा भाऊ. खरसुंडीलाही सिद्धनाथच आहे, हे रस्त्यात लक्षात आलं आणि म्हसवडवरचा माझा विश्वास थोडा डळमळला. पण खरसुंडीला तळं नाही.

ऊन इतकं की भितीच्या दगडाला हात लावून ठेवता येईना. चिऱ्यावर चिरा, रांगाच्या रांगा. भाऊ म्हणाला, यातला तिच्या आईने उचललेला कुठला? मी त्याला गप्प केलं, पण मीही तेच शोधत होते. पाणी पार मागे सरकलेलं. भितीच्या सावलीत मेंढरं, त्यांच्यामागे काठी घेतलेली एक पोरगी, दहाएक वर्षांची. तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. फोटो काढायचा मोह आवरला.

म्हसवडला देवळात गुरवांशी बोलले. या आडनावाची सून, त्या गावची, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, असं विचारताना माझं मलाच हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, दुष्काळात उठून गेलेल्या घरांच्या लेकी अजून येतात, देवाला विचारतात, आमचं गाव कुठलं.

११ मे
चुलत्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कागदांची वळकटी होती. त्यांना वाटत होतं सोसायटीच्या जुन्या पावत्या. वरचे तेच होते. तळाशी एक मोडी रोखा, म्हणजे कर्जाचा कागद.

वाचायला चार दिवस लागले. मोडीत लेखणी उचलायची नसते, शब्द तोडायचे नसतात. शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि खाली अक्षरं लोंबकळत सोडायची. घाईत लिहिलेली मोडी म्हणजे गुंता झालेली सुतळी. अवघड जागा मोडीच्या सरांनी सोडवून दिल्या.

शके १८३२, साधारण नाम संवत्सरे. म्हणजे १९१०. संवत्सराचं नावच साधारण! लिहून देणार तानी कोम अमुक, उमर वर्षे ४५, धंदा शेती. कारणे रोखा लिहून देते ऐसा जे, मुलगा अज्ञान, बैल मेला, बियाण्यास व बैलास रुपये ६०, अक्षरी साठ, निमे तीस. (आकडा कुणी मागाहून वाढवू नये म्हणून निम्मा लिहायची रीत. सावकाराचा कागद, पण जपणूक कुळाची. दुर्मिळ प्रकार.) खाली दोन साक्षी, त्यांच्या सह्यांच्या जागी नांगराची निशाणी. मग "बिकलम कुळकर्णी", म्हणजे कुळकर्ण्याच्या हातचं. आणि एका कोपऱ्यात "तानी हिची निशाणी बांगडी" आणि बाजूला एक गोल.

बायकांच्या सहीची ही जुनी खूण, बांगडी. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. पण ही बाई तेव्हा विधवा होती, हाताच्या बांगड्या फुटलेल्या होत्या. कागदावर तिच्या नावाला बांगडीच लागली. तो गोल तिने काढला की कुळकर्ण्याने काढून तिला नुसता हात लावायला लावला? भिंग घेऊन बघितलं. मजकुराची रेघ सफाईची आहे, हा गोल कापरा आहे आणि जिथे सुरू झाला तिथे येऊन मिळत नाही. थोडी फट राहिलीय. कुळकर्ण्याचा हात असता तर गोल मिळाला असता, असं मला वाटतं. मला तसं वाटायला हवंय, हेही खरं.

रात्री उशिरा. उमर ४५ वर आत्ता थांबले. १९१० ला ४५ म्हणजे जन्म १८६५ च्या सुमाराचा. मग १९१८ ला ४२ कशी? रजिस्टरचा फोटो मोठा करून पाहिला. डागाखालचा अंक ४ नसून ५ आहे. ५२. दोन्ही कागद जुळतात.

म्हणजे दुष्काळात ती तान्ही नव्हती. दहा-अकरा वर्षांची होती. अडीच महिने मी तिला आईच्या काखेत बसवून ठेवलं होतं.

आणि खरं तर ओवीनेच ते आधी सांगितलं होतं. तान्ह्या पोराला आईच्या डोक्यावरचा दगड आठवणार कसा? ही बघत होती. त्या कामांवर पोरांनाही जुंपत, तेव्हा बघत नुसती उभी होती असंही नाही.

२५ मे
आत्याआजीकडे. तिला पुन्हा ओवी म्हणायला लावली. तीन वेळा. तिन्ही वेळा "कडंला".
"कडंला म्हंजी कडेवर, का बाजूला?"
"बाजूला गं. कडंवर असती तर कडंवर म्हटलं आसतं." मी जानेवारीतच विचारलं असतं तर एवढा आटापिटा वाचला असता.

मग हिशेब मांडला. मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, १८९८ चे. तेव्हा तानी तेहेतीस वर्षांची. त्या काळात पहिलं मूल तेहेतिसाव्या वर्षी? आत्याआजीला विचारलं, आधीची मुलं गेली असतील का?
तिने सुपारी कातरायची थांबवली नाही. "पाटाची हुती ना ती."
"म्हंजे?"
"म्हंजी काय म्हंजी. पयला दाल्ला मेला. मंग हितं पाट लागला. आईला ठावं हुतं. बापयांस्नी सांगायचं न्हवतं."

दुष्काळात गाव सुटलं, कुठे तरी लग्न झालं, नवरा मेला, मग आमच्या घरी पाट. नंतर हाही नवरा गेला, पोर वाढवलं, बैल घेतला, हेळव्याला घागर दिली, मानमोडीत गेली. आणि तिच्या पहिल्या घरी काही लेकरं होती का, हे विचारल्यावर आत्याआजी म्हणाली, "तेवढं तिनं आईलाबी सांगितलं न्हाई."

१ जून
चुलत्यांना पाटाचं सांगितलं. आधी गप्प. मग, "ते नको लिहूस." मी म्हटलं, अण्णा, यात लाजण्यासारखं काय आहे? विधवेच्या लग्नाला मोकळीक देणाऱ्या १८५६ च्या कायद्याची गरज वरच्या जातींना होती, आपल्याकडे पाट त्याच्या कितीतरी आधीपासून रीतसर लागत होते. मराठेशाहीत सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेत होतं. कर घेण्याइतकी उघड गोष्ट! लाज मागाहून आली, आपण शिकलो-सवरलो तेव्हा.

अण्णा म्हणाले, "तू सगळं सांगतेस ते खरं आसंल. पण फ्रेममधी जागा न्हाई."

जुलै-ऑगस्ट
काम नाही. शाळा, पाऊस, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. म्हसवडकडच्या दोन गावांची जुनी रजिस्टरं मागवून बघितली. १८८० च्या आसपासच्या लग्नाचा मागमूस जन्ममृत्यूच्या नोंदीत लागणार नव्हताच. तरी बघितलं.

१४ सप्टेंबर
आत्याआजी गेली. झोपेत.

ओवी फोनवर ध्वनिमुद्रित आहे, एकदाच. मागे सुपाचा आवाज.

४ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं चालू आहेत. द्वादशीला गावी होते. आईचा गुडघा अजून दुखतो, म्हणून या वेळी भाकरी मी थापली. बाजरीला चिकटपणा नसतो, दोन मोडल्या, तिसरी जमली. पान घेऊन परसात गेले तर अण्णा मागे आले. चप्पल न घालता. विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला?"

मी हात केला. त्यांनी वीट सरळ करून दिली.

आत गेल्यावर त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि मागचा पुठ्ठा काढायला स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. म्हणाले, पणजोबांच्या वर अर्धा इंच कोरं आहे, आडवं लिहिलं तर मावंल. नाव कसं लिहायचं, कोम लावून का, असं विचारलं. मी म्हटलं, नुसतं तानी लिहा, आणि पुढे तो गोल काढा.

"मिळालेला का न मिळालेला?"

"फट ठेवा, अण्णा."